कार्ड नसलं तरी येतात

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काकांवर चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला. ‘हलकंफुलकं असू द्या. शिट्टीचा किस्सा घ्याच, लोकांना आवडेल.’ काका जाऊन तीन महिने झाले. त्यांच्या हयातीत ज्या मंडळानं त्यांचं टेबल हॉलमधून काढायला लावलं, त्याच मंडळाला आता त्यांच्यावर हसण्यासाठी दोन पानं राखून ठेवायची आहेत. निरोप वाचून डोकं भडकलं. मग लक्षात आलं, की या गावात या गोष्टीवर भडकण्याचा अधिकार ज्याला सगळ्यांत कमी आहे, तो मीच आहे. तरी राग काही जात नाही. म्हणून लिहितो. चार ओळींत बसणार नाही.

बर्मिंगहॅममध्ये त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. कार्डवाले काका. आमच्याच हॉस्पिटलात एक्सरे काढायचे. मी भूल देणारा डॉक्टर, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्यामुळे मला ते ‘काय डॉक्टर’ अशी हाक मारून पुढे ‘अरे-तुरे’वर यायचे. माणूस उंच, काटकुळा. समोरच्याचा चेहरा बघायच्या आधी बूट बघायचे. काकूंना हळदीकुंकवाला सोडायला आले, की दारातल्या चपलांच्या ढिगाकडे बघून म्हणायचे, “या घरातलं एकही माणूस डोंगरावर जायच्या लायकीचं नाही.” गळ्यात कायम नारिंगी शिट्टी. वेम्बलीला लग्नाला गेले, तर सूट, टाय, आणि टायच्या मागे शिट्टी.

गणपती, दिवाळी, संक्रांत, काहीही असो, हॉलच्या दाराशी साड्यांचा स्टॉल आणि घरगुती लोणची यांच्या मधोमध त्यांचं घडीचं टेबल असायचं. त्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी: ‘डोंगरावर जाणाऱ्यांसाठी कार्ड येथे मिळेल.’ खिशात मावणारं पिवळं कार्ड. वेल्समधल्या एका खेड्यातली माउंटन रेस्क्यू टीम ते छापायची, काका पाच पौंडाला विकायचे, पैसे त्या टीमला पाठवायचे. पुढे नाव, घरचा फोन, औषधांची ॲलर्जी लिहायला जागा. मागे सूचना: नऊ नऊ नऊ फिरवून आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा.

लंडनच्या एजवेअरहून आलेल्या एका अकाउंटंट पाहुण्यांशी झालेला त्यांचा संवाद मी शेजारी उभं राहून ऐकलाय.

“म्हणजे हे कार्ड असलं, की ते लोक शोधायला येणार?”

“नसलं तरी येतात.”

“फुकट?”

“फुकट.”

“अहो, मग कार्ड घ्यायचं कशाला?”

काकांचे कान लाल झाले. “येतात म्हणूनच घ्यायचं! पोरीच्या वाढदिवसाचा केक तसाच टाकून येतात. मेंढ्या अर्ध्या कातरून टाकून येतात. पगार नाही, भत्ता नाही. आणि तुम्ही मला विचारता, घ्यायचं कशाला?”

“तसं नाही हो काका, पण व्हॅल्यू फॉर मनी म्हणून...”

“तुम्ही एकदा दरीत पडा. मग वरून व्हॅल्यू सांगतो.”

पाहुण्यांनी निमूट कार्ड घेतलं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, हे स्वित्झर्लंडला चालतं का. काकांनी रिसीव्हर असा आपटला, की शेजारचे सरदारजी काय झालं म्हणून विचारायला आले. हे काकूंनी सांगितलेलं.

आता तो शिट्टीचा किस्सा. घ्या. भारतातून नाट्यसंगीत गाणाऱ्या बाई आल्या होत्या. हॉल भरलेला. मागच्या रांगेत एका मुलीनं कार्ड उलटं करून काकांना हळूच विचारलं, सहा शिट्ट्या म्हणजे नक्की कशा? काकांना अर्धवट उत्तर देता यायचंच नाही. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि बाईंच्या तानेच्या ऐन मध्यावर सहा वेळा फुंकली. तबला थांबला. लोक वळले. काका घड्याळाकडे बघत शांत उभे. संपलं असं समजून बाईंनी पुन्हा सूर लावला, आणि बरोबर एक मिनिटानं पुन्हा सहा. अध्यक्ष धावत मागे गेले. काका त्यांना म्हणाले, “उत्तर म्हणून तीन शिट्ट्या यायला हव्या होत्या. एकही आली नाही. डोंगरावर असतो तर मी मेलो असतो, तुम्ही गाणं ऐकत बसला असता.”

सगळे हसले होते. मीही. पण ‘तुम्ही गाणं ऐकत बसला असता’ हे वाक्य पुढे माझ्या बाबतीत जवळजवळ शब्दशः खरं झालं, म्हणून मला तो किस्सा सांगायला आवडत नाही.

हे वेड त्यांना लागलं कुठून, हे त्यांनी एकदाच सांगितलं, कॅन्टीनमध्ये. तरुणपणी ते आणि काकू वेल्सला फिरायला गेले होते. पाऊस लागला म्हणून खेड्यातल्या चहाच्या दुकानात शिरले. दुकान चालवणारी बाई पंचविशीची. चहा ओतता ओतता फोन वाजला. तिनं एप्रन काढून खुंटीला लावला, मागून लाल जाकीट घेतलं, “चहाचे पैसे त्या डब्यात टाका” म्हणाली आणि दुकान सताड उघडं ठेवून निघून गेली. कुणीतरी कड्यावर अडकलं होतं. कोण, कुठला, तिला माहीत नव्हतं.

“मग तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“काय करणार? गिऱ्हाइकं येत होती. मी कपबशा विसळायला लागलो, हिनं केक कापायला घेतला. चार तास. बाई आली ती गुडघ्यापर्यंत चिखलात. आम्हाला बघून म्हणाली, ‘अरे, तुम्ही अजून इथेच?’ आभार नाहीत, काही नाही. जणू ती गेली हेही साधं, आम्ही थांबलो हेही साधं.” काकांनी कप बाजूला सारला. मग एकदम चिडून म्हणाले, “आपल्या मंडळात फॅन लावायला कुणी उठत नाही!”

पिवळी कार्डं त्या दुकानात मिळायची. काका तिथूनच गठ्ठे आणायचे.

कार्डाबरोबर त्यांची एक सक्ती असायची. मंडळातून कुणीही डोंगरावर निघालं, की त्यांच्याकडे चिठ्ठी द्यायची: किती माणसं, कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजता. चिठ्ठी त्यांच्या फ्रिजवर चुंबकाखाली लागायची. उतरल्यावर फोन करायचा. फोन आला, की काका चिठ्ठीच्या मागे वेळ लिहून ती बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. “चढलात ते मला सांगू नका, उतरलात ते सांगा.” आणि रिंग चालायची नाही. आपली सगळ्यांची सवय, घरी पोचलं की तीन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. काका गरजायचे, “रिंग काय, चोरही देईल! मला आवाज पाहिजे.” त्यांच्या घरचा फोन जुना, नंबर दिसायचा नाही.

आता तो शनिवार.

सप्टेंबरचा शेवट होता. मंडळाची वेल्सची सहल, बारा जण, पुढारी मी. भाड्याची मिनीबस. ड्रायव्हर आम्हाला डोंगराच्या एका बाजूला सोडून पाच वाजता पलीकडच्या गावातल्या चर्चपाशी थांबणार होता. हे सगळं चिठ्ठीत होतं. आदल्या दिवशी काका मला म्हणाले होते, “बूट बघून माणसं घे. ट्रेनर्सवाल्यांना बसमध्ये ठेव.” मी हो म्हटलं. सकाळी बघतो तर निम्मी मंडळी ट्रेनर्समध्ये, म्हणजे पळायच्या साध्या बुटांत, एक वहिनी सँडलमध्ये. मला महिन्याभरात कन्सल्टंटच्या वरच्या जागेसाठी इंटरव्ह्यू द्यायचा होता, आणि मंडळातले दोघं मोठ्या पदावरचे डॉक्टर त्या ट्रेनर्समध्ये होते. मी कुणाला काय सांगणार? सगळ्यांना घेऊन चढलो.

अर्ध्यावर धुकं आलं. दोघं घसरले. मी शहाणपणानं सगळ्यांना मागे फिरवलं. हा त्या दिवसातला माझा एकमेव शहाणपणा. साडेतीनला जिथून चढलो तिथेच खाली उतरलो. खोऱ्यात मोबाइल चालत नव्हता. रस्त्याकडेला लाल फोन बूथ होता. त्यातून मी मिनीबसच्या ड्रायव्हरला फोन केला, की चर्चकडे जाऊ नको, इकडेच ये. तो वाटेत कुठे जेवायला थांबला होता, लगेच निघाला.

मग मी काकांचा नंबर फिरवायला हात वर केला.

आजवर मी सगळ्यांना, बायकोलासुद्धा, सांगत आलो की मी विसरलो. विसरलो नव्हतो. मला माहीत होतं ते पहिला प्रश्न काय विचारतील. “दीड तास आधी कसे? कोणाच्या पायात काय होतं?” आणि मग ते ओरडणार. मला ते ओरडणं नको होतं. बाहेर कुणीतरी काच वाजवली, “डॉक्टर, चला ना, थंडी वाजतीये!” मी सुटकेचा श्वास टाकून बाहेर आलो. म्हटलं, नंतर करू.

परतीच्या वाटेवर श्रूझबरीला एका वहिनींच्या मावशी राहत होत्या. ‘जेवल्याशिवाय जायचं नाही.’ बटाटेवडे, गरम खिचडी, मग गाण्याच्या भेंड्या. माझा मोबाइल बॅगेत, बॅग बसमध्ये.

काकांनी पाचनंतर दीड तास वाट पाहिली, आणि मग कार्डाच्या मागे लिहिलं होतं तेच केलं. पोलिसांनी चर्चपाशी चौकशी केली. ना बस, ना माणसं, दिवसभरात कुणी पाहिलंही नाही. बस कंपनीचं ऑफिस बंद. बारा जण धुक्यात हरवलेत, असं धरून ती टीम डोंगरावर चढली. शिक्षक, पोस्टमन, मेंढ्या पाळणारे, आणि ती चहाच्या दुकानातली बाई. आता ती पन्नाशीची होती.

साडेआठला बसमध्ये शिरलो, बॅग उघडली, मोबाइलवर एकोणीस कॉल. काकांनी पहिल्या रिंगेला उचलला.

“सगळे?”

“सगळे आहेत काका, आम्ही केव्हाच... काका, मी साडेतीनला बूथवरून रिंग दिली होती की!”

कुठून आलं ते वाक्य, देव जाणे. काका म्हणाले, “सगळे खाली आहेत ना? ठेव. मला त्यांना परत बोलवायचंय.”

तोवर ती बाई ओल्या दगडांवरून घसरली होती. गुडघ्याचा चुराडा. तिला तिच्याच माणसांनी स्ट्रेचरवर खाली आणलं.

पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग झाली. विषय: मंडळाची बदनामी. बाईच्या गुडघ्याचा विषय अजेंड्यावर नव्हता. वर्तमानपत्रात ‘एशियन वॉकर्स’ असं छापून आलं म्हणे, ते झोंबलं होतं. अध्यक्ष म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही रिंग दिली होतीत ना?”

“दिली होती.” मी दुसऱ्यांदा म्हणालो. दुसऱ्यांदा सोपं जातं.

“बघा. काका, तुम्ही बाथरूममध्ये असाल, बागेत असाल. वय होतं माणसाचं. एवढ्यावरून एकदम पोलीस?”

“हो ना,” सँडलवाल्या वहिनी म्हणाल्या, “आम्ही मस्त जेवत होतो, आणि तिकडे आमच्या नावानं शोधाशोध!”

मी मान खाली घालून बसलो होतो. आता ते उसळणार, ‘रिंग नाही, आवाज’ म्हणून टेबलावर मूठ आपटणार, आणि माझं सगळं बाहेर येणार. मी वर पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते. चेहऱ्याकडे. बुटांकडे नाही.

“असेल,” ते म्हणाले.

बस, एवढंच. पंख्यावरून, पार्किंगवरून, चकलीत मोहन कमी पडलं म्हणून चिडणारा माणूस, आणि ‘असेल’ म्हणाला. मिनिट्समध्ये नोंद झाली, की गैरसमज काकांकडून झाला. पुढच्या गणपतीला दाराशी टेबल नव्हतं. ‘जागेची अडचण.’ लोणच्यांना दोन टेबलं मिळाली. मुलं काकांना बघून तोंडानं शिट्टी वाजवायची, आईबाप हसायचे. मी कन्सल्टंट झालो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये काका भेटले, म्हणाले, “काय डॉक्टर, पेढे?” नजर चुकवली नाही, टोमणा नाही. सहा वर्षांत एकदाही माझ्यावर ओरडले नाहीत. मी मुद्दाम गुळगुळीत तळाचे बूट घालून त्यांच्यासमोरून गेलोय. एक शब्द नाही.

ते गेले तेव्हा मी ड्यूटीवर होतो. आठवड्यानं काकूंना भेटायला गेलो. चहा करायला काकू उठल्या, मी दूध काढायला फ्रिजपाशी गेलो. दारावर एकच कागद, चुंबकाखाली, पिवळा पडलेला. माझं अक्षर. बारा माणसं. पाच वाजता. चर्च.

“हे अजून...?” मी कसंबसं म्हटलं.

“बाकीच्या डब्यात आहेत. ही काढू द्यायचे नाहीत. मी साफसफाईला काढली तर पुन्हा लावली. म्हणाले, याचा फोन यायचाय अजून.”

मी दुधाची बाटली तशीच हातात धरून उभा. “काकू, मी रिंग दिली नव्हती.”

“हो रे. मी त्या दिवशी फोनच्या शेजारी मटार सोलत बसले होते, दुपारभर. वाजला असता तर ऐकला नसता का?”

“मग काका बोलले का नाहीत? तुम्ही का नाही बोललात?”

काकूंनी गॅस बंद केला. प्रथमच त्यांचा आवाज चढला. “मी बोलणार होते! त्यांनी बोलू दिलं नाही. म्हणाले, आता याला चारचौघांत खोटं पाडलं ना, की पुढच्या वेळी कुणी चिठ्ठीच देणार नाही, भीतीनं. लोक फोन टाळतात ते माझ्या ओरडण्यापायी, म्हणाले. स्वतःलाच दोष देत बसले. आणि तू मला कशाला सांगतोस इथे, स्वयंपाकघरात? ज्यांच्यासमोर ते ‘असेल’ म्हणाले, त्यांना जाऊन सांग.”

निघताना काकूंनी न विकलेल्या कार्डांचं खोकं दिलं. “दुकानात परत नेऊन दे.”

नेलं. चहाचं दुकान तसंच आहे. बाई काठी टेकत काउंटरमागे फिरते. डोंगरावर जाणं त्या दिवसापासून बंद. मी कोण ते सांगितलं. बूथचं, खिचडीचं, रिंगेचं, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही सगळे आधीच सुखरूप खाली होतात?”

“होतो.”

“मग बरं झालं. आम्हाला फार वाईट काही सापडेल अशी भीती होती.”

मला तिचा संताप आला. खरंच सांगतो. सहा वर्षं वाट पाहून आलो होतो, मला चार शिव्या हव्या होत्या. ही बाई मला स्कोन देत होती, वर लोणी लावून. मग म्हणाली, तुमचे ते काका गेले का? वाटलंच, बऱ्याच दिवसांत आले नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अख्खा हिवाळा ते दर शनिवारी बर्मिंगहॅमहून गाडी चालवत यायचे. दोघंही. मागे उभे राहून कपबशा विसळायचे आणि पाणी पुरेसं गरम नाही म्हणून तिच्यावर ओरडायचे.

त्या हिवाळ्यात आम्ही हॉलमध्ये हळदीकुंकू करत होतो आणि शिट्टीची नक्कल करून हसत होतो.

म्हणून अध्यक्षमहाराज, संपादकमंडळ, आणि सँडलवाल्या वहिनी: रिंग दिली नव्हती. साडेतीनला नाही, नंतरही नाही. आवाज तर नाहीच. काकांची चूक झाली नव्हती. त्यांनी पोलिसांना फोन केला तो बरोबर वेळी, बरोबर क्रमानं केला. मिनिट्समध्ये तशी दुरुस्ती करा. हा मजकूर कापायचा असेल तर अख्खा कापा. शिट्टीचा तेवढा ठेवलात, तर पुढच्या सभेत उभा राहून उरलेला मी वाचून दाखवीन.

खोकं मी परत आणलंय. बाईनं आणखी एक गठ्ठा दिला. या गणपतीला दाराशी, लोणच्यांच्या दोन टेबलांपैकी एक हलवून, तिथे घडीचं टेबल लागेल. पाटी काकूंनी दिली आहे. कार्ड कुठे मिळतं, ते सगळ्यांना कळवतो: माझ्याकडे. कार्ड नसलं तरी ते लोक येतात. आणि मग घ्यायचं कशाला, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं जरूर विचारावं.

मी ओरडणार आहे.